गावचा प्रश्न विधानसभेत लावायचा कसा आणि उत्तर पदरात पाडायचं कसं

विधिमंडळाचं कामकाज म्हटलं की आठवतं ते टीव्हीवरचं: पायऱ्यांवरचे फलक, वेलमध्ये उतरलेले आमदार, तहकुबी, सभात्याग. ते बघून 'तिथं काही होत नाही' असं म्हणणारे पुष्कळ भेटतात. त्यांनी अधिवेशनाच्या दिवसांत एखाद्या पंचायत समितीत जाऊन बसावं. 'एलएक्यू आलाय' एवढं कुणी म्हटलं की तिथं काय धावपळ उडते ते दिसेल. एलएक्यू म्हणजे विधानसभेचा प्रश्न. ज्याला मंत्र्याने सभागृहात तोंडी उत्तर द्यायचं असतं, तो तारांकित. 'अतितातडीचे, विधानसभा तारांकित प्रश्न' असा शेरा असलेला कागद मंत्रालयातून जिल्ह्याला आणि जिल्ह्यातून तालुक्याला उतरतो. कित्येक वर्षं कपाटात पडून असलेली फाईल दुपारपर्यंत टेबलावर येते. सभागृहात त्या प्रश्नाची पाळी पुढे येवो न येवो, फाईल हललेली असते.

विधिमंडळाचा सामान्य माणसाला होणारा उपयोग मुख्यतः इथेच आहे, असं माझं मत आहे. भाषणं ऐकण्यापेक्षा कागद कुठून निघतो, कुठे जातो आणि कुठे अडकतो हे कळलं पाहिजे. पुढे एकच उदाहरण धरून चालू. तुमच्या गावात आरोग्य उपकेंद्राची इमारत अर्धवट उभी आहे, ठेकेदार फिरकत नाही आणि जिल्हा परिषदेत विचारलं तर 'निधी नाही' एवढंच ऐकायला मिळतं.

आधी वेळापत्रक

महाराष्ट्राच्या विधिमंडळाची वर्षाला साधारण तीन अधिवेशनं होतात. अर्थसंकल्पी आणि पावसाळी मुंबईत, हिवाळी नागपुरात. नागपूरचं अधिवेशन १९५३च्या नागपूर कराराची देणगी. दोन अधिवेशनांत सहा महिन्यांहून जास्त अंतर पडू द्यायचं नाही, हे बंधन राज्यघटनेच्या कलम १७४चं. अधिवेशन किती दिवस चालवायचं आणि कुठल्या विषयाला किती वेळ द्यायचा हे कामकाज सल्लागार समितीत ठरतं. 'अधिवेशन गुंडाळलं' ही बातमी वाचता, तेव्हा तो निर्णय बहुधा त्याच खोलीतून आलेला असतो.

तुमच्यासाठी कळीची गोष्ट मात्र निराळी आहे. तारांकित प्रश्न आमदाराला अधिवेशन सुरू होण्याच्या कित्येक आठवडे आधी द्यावे लागतात. लोक अधिवेशन सुरू झाल्याचं टीव्हीवर बघतात आणि निवेदन घेऊन धावतात. तोवर प्रश्नांची मुदत कधीच टळलेली असते. आधीचं अधिवेशन संपताना पुढच्याची तारीख सहसा जाहीर होते. ती कळली की महिनाभर वाट न पाहता लगेच आमदाराच्या कार्यालयात जा.

कोणाला पकडायचं

आपल्याच मतदारसंघाच्या आमदाराकडे जायला हवं असा नियम नाही. विधानसभेचे २८८ आणि विधान परिषदेचे ७८, यांपैकी कोणीही राज्यातल्या कुठल्याही गावाबद्दल प्रश्न विचारू शकतो. तुमचा आमदार सत्ताधारी पक्षाचा असेल, तर आपल्याच मंत्र्याला तारांकित प्रश्नाने अडचणीत आणायला तो कचरेल. तो मंत्र्याला थेट भेटून काम करून देतो म्हणेल, आणि कधीकधी खरंच करून देतोही. पण त्याचा कागद उरत नाही. अशा वेळी शेजारच्या मतदारसंघातला विरोधी आमदार किंवा परिषदेतला तुमच्या विभागाचा पदवीधर, शिक्षक अथवा स्थानिक स्वराज्य संस्थांचा प्रतिनिधी गाठावा. परिषदेचे आमदार अनेकांच्या लक्षातच नसतात, त्यामुळे त्यांच्याकडे गर्दीही कमी. शिवाय एकाच प्रश्नावर अनेक सदस्यांची नावं चालतात. छापील यादीत एका प्रश्नाखाली दहा-पंधरा नावं दिसतात ती यामुळेच.

आमदाराशी ओळख असणं चांगलंच. पण काम स्वीय सहायकाशी असतं, कारण प्रश्नाचा मसुदा बहुतेक वेळा तोच करतो. त्याला वर्तमानपत्राचं कात्रण देऊन भागत नाही. प्रशासकीय मान्यतेची तारीख आणि रक्कम, कार्यारंभ आदेशाचा क्रमांक, ग्रामपंचायतीचा ठराव, तुम्ही केलेल्या पत्रव्यवहाराच्या पोच आणि आजच्या तारखेचा इमारतीचा फोटो, एवढं दोन पानांत बसवून द्या. हे कागद माहिती अधिकारात मिळतात. म्हणूनच त्याची सुरुवात अधिवेशनाच्या कितीतरी आधी व्हायला हवी.

प्रश्नाचा सांगाडा

विधानसभेच्या प्रश्नाची भाषा ठरीव असते. आपल्या उपकेंद्राचा प्रश्न साधारण असा छापून येईल:

(१) मौजे अमुक येथील आरोग्य उपकेंद्राचे बांधकाम मागील चार वर्षांपासून अपूर्ण असल्याचे निदर्शनास आले, हे खरे आहे काय;
(२) असल्यास, सदर प्रकरणी शासनाने चौकशी केली आहे काय;
(३) असल्यास, चौकशीत काय आढळून आले व त्यानुसार उक्त बांधकाम पूर्ण करण्याबाबत कोणती कार्यवाही केली वा करण्यात येत आहे;
(४) नसल्यास, विलंबाची कारणे काय आहेत?

हा सांगाडा मोडता येत नाही, पण त्यात काय भरायचं ते तुमच्या हातात असतं. अनुभवी सहायक पहिल्या भागात तारीख, रक्कम आणि कार्यारंभ आदेशाचा क्रमांक घालतो. कारण पहिला भाग मोघम राहिला की उत्तरही मोघम येतं. 'अनेक उपकेंद्रे अपूर्ण आहेत' असं विचारलं तर 'हे खरे नाही' म्हणून मोकळं होता येतं. क्रमांकासकट विचारलं तर ते खोटं ठरवणं अवघड जातं. सभागृहाला चुकीची माहिती गेली तर हक्कभंग, म्हणजे सभागृहाचा अवमान केल्याबद्दलची कारवाई, ओढवू शकतो, आणि ही भीती तालुक्याच्या बाबूपर्यंत पोहोचलेली असते.

मग छापील उत्तर येतं. ते वाचणं ही एक कला आहे.

'होय, हे खरे आहे' असं आलं तर पुढचे तीन भाग बारकाईने वाचा. सरकारने दोष मान्य केलाय, म्हणजे आता त्याला काहीतरी करावं लागणार. 'अंशत: खरे आहे' हे सर्वात लाडकं उत्तर. त्यात कुठला अंश खरा ते सांगितलेलं नसेल, तर उपप्रश्न नेमका त्यावरच हवा. 'हे खरे नाही' आणि त्याखाली 'प्रश्न उद्भवत नाही', 'प्रश्न उद्भवत नाही' अशी रांग आली की समजा, खालून आलेला अहवालच तसा आहे. तुमच्याकडे फोटो असेल, तर चुकीची माहिती दिल्याचा मुद्दा काढायची हीच संधी. 'चौकशी सुरू आहे' याला तारीख नसते, म्हणून आमदाराने उभं राहून 'चौकशी कधी पूर्ण होणार' एवढंच विचारावं. 'बाब तपासण्यात येत आहे' हा त्याचाच धाकटा भाऊ.

प्रश्नोत्तराच्या तासात पाच-सहा प्रश्न झाले तरी खूप. तुमचा प्रश्न यादीत विसावा असेल तर तो तोंडी चर्चेला येणारच नाही, पण छापील उत्तर यादीत असतंच. ते विधानमंडळाच्या संकेतस्थळावरून उतरवून घ्या, मुद्रित प्रत काढा आणि ग्रामसभेत वाचून दाखवा. आजवर 'निधी नाही' म्हणणारा अधिकारी आणि 'काम प्रगतीपथावर' म्हणणारं छापील उत्तर शेजारी-शेजारी ठेवता येतात, हे काही थोडं नाही.

अतारांकित प्रश्नाला तोंडी उत्तर नसतं, फक्त लेखी. त्यामुळे बातमी होत नाही, पण आकडेवारी काढायला तो फार कामाचा. जिल्ह्यात किती उपकेंद्रं अपूर्ण, कोणत्या वर्षापासून, किती खर्च झाला, अशी माहिती तक्त्यात हवी असेल तर अतारांकितच लावा. एखाद्या तालुका वार्ताहराला त्यातून महिनाभराचं काम मिळेल.

दिवस कसा जातो

अधिवेशनाच्या प्रत्येक दिवशी 'दिवसाच्या कामकाजाचा क्रम' निघतो. तो आदल्या रात्री किंवा सकाळी बघायची सवय लावली, तर तहकुबीच्या गोंधळातही काय चाललंय ते समजतं. विधानसभेचा दिवस साधारण ११ वाजता प्रश्नोत्तरांनी सुरू होतो. त्यानंतर कागदपत्रं पटलावर ठेवणं, समित्यांचे अहवाल, लक्षवेधी (तातडीच्या विषयाकडे लक्ष वेधणारी सूचना), विधेयकं, मागण्या (खर्चाच्या मंजुरीचे प्रस्ताव) आणि शेवटी नियम २९३ची, म्हणजे एखाद्या सार्वजनिक विषयावरची चर्चा. प्रश्नोत्तरं संपली की विरोधक बहुधा स्थगन प्रस्ताव मांडतात, म्हणजे ठरलेलं कामकाज बाजूला ठेवून तातडीच्या विषयावर चर्चा घ्या असं म्हणतात. अध्यक्ष तो नाकारतात, मग गदारोळ, मग दहा मिनिटांची तहकुबी. टीव्हीवर दाखवतात ते हेच. परिषदेत हाच खेळ नियम २८९ खाली होतो, आणि २९३चं परिषदेतलं भावंड म्हणजे नियम २६०. पीठावर अध्यक्षच असतील असं नाही, दुपारनंतर बहुतेक वेळा तालिका अध्यक्ष, म्हणजे त्यांच्या जागी काम चालवणारे सदस्य, बसलेले असतात.

गणपूर्तीचा एक किस्सेवजा नियम लक्षात ठेवावा. घटनेच्या कलम १८९प्रमाणे एक दशांश किंवा दहा, यांतले जास्त असतील तितके सदस्य हजर हवेत. म्हणजे विधानसभेत २९ आणि परिषदेत १०. संध्याकाळी उशिरा २९३ची चर्चा चालू असताना प्रक्षेपण लावून डोकी मोजून बघा. कोणी बोट दाखवलं नाही तर कामकाज चालू राहतं, आणि सहसा कोणी दाखवत नाही.

मतदान बहुतेक आवाजी. 'अनुकूल असतील त्यांनी होय म्हणावे', 'होयचे बहुमत', आणि प्रस्ताव संमत. एखाद्याने पोल मागितला तरच मतं मोजली जातात.

लक्षवेधी: घाईच्या कामासाठी

प्रश्नाची मुदत हुकली किंवा घटना अधिवेशन चालू असतानाच घडली, तर मार्ग लक्षवेधी सूचनेचा. विधानसभेत ती नियम १०५ खाली येते. सदस्य सूचना देतो, अध्यक्ष ती मान्य करतात, मंत्री लेखी निवेदन करतो आणि त्यावर प्रश्न विचारले जातात. पूर्वी दिवसाला मोजक्याच लक्षवेधी लागत. आता त्यांची संख्या इतकी फुगली आहे की त्यांच्यासाठी सकाळी विशेष बैठका बसतात. तिथं मंत्री हजर नाहीत म्हणून आरडाओरडा होतो, सूचना 'राखून ठेवली' जाते आणि अधिवेशन संपतं. म्हणून लक्षवेधीवर सगळी मदार ठेवू नये.

पण लागली तर तिच्याइतकं परिणामकारक काही नाही. मंत्र्याला उभ्या-उभ्या उत्तर द्यावं लागतं आणि त्या भरात तो काहीतरी कबूल करतो: 'एका महिन्यात काम सुरू करू', 'संबंधित अभियंत्याला निलंबित करण्यात येईल', 'अधिवेशन संपण्यापूर्वी बैठक घेऊ'. हा क्षण नीट टिपून ठेवायचा. तारीख, साधारण वेळ, मंत्र्याचं नाव आणि शब्द जसेच्या तसे. प्रक्षेपणाचा तो तुकडा जपून ठेवा. कार्यवाहीची लिखित प्रत मिळाली तर तिच्या माथ्यावर 'असुधारित प्रत, प्रसिद्धीसाठी नाही' असं असतं, हे विसरू नका. ती संदर्भासाठी ठीक, छापण्यासाठी नाही.

प्रेक्षक गॅलरीत बसून बघायची हौस असेल तर आमदाराच्या शिफारशीने प्रवेशपत्र मिळवावं लागतं. मात्र जुलै २०२५मध्ये विधानभवनाच्या लॉबीत कार्यकर्त्यांची हाणामारी झाल्यावर अध्यक्षांनी अभ्यागतांच्या प्रवेशावर निर्बंध आणले. तेव्हा गाडीभाडं खर्च करण्याआधी चौकशी करा.

पैशाचं काय

उपकेंद्राला पैसे हवेत आणि पैसे येतात अर्थसंकल्पातून किंवा पुरवणी मागण्यांतून, म्हणजे अर्थसंकल्पानंतर मागितलेल्या जादा खर्चातून. पुरवणी मागण्या जवळजवळ प्रत्येक अधिवेशनात येतात. २०२४च्या पावसाळी अधिवेशनात त्या ९४,८८९ कोटी रुपयांच्या होत्या, म्हणजे 'पुरवणी' हा शब्द सौम्यच म्हणायचा. त्यांवर चर्चा तोकडी होते आणि उरलेल्या मागण्या एकदम मताला टाकल्या जातात. आपण मागण्यांच्या पुस्तकात आपल्या विभागाचं पान उघडून आपलं काम आहे का तेवढं बघायचं. एक सावधगिरी मात्र हवी. पुस्तकात काम आलं म्हणजे पूर्ण पैसे आले असं नव्हे. काम नुसतं 'दाखल' व्हावं म्हणून हजार रुपयांची नाममात्र तरतूद केलेली असते, आणि गावात पेढे वाटले जातात.

विधेयकावर आपलं म्हणणं

विधेयकांबद्दल थोडक्यात. पुरःस्थापना (विधेयक मांडणं), खंडशः विचार (एकेका कलमाचा विचार) आणि संमती हे सगळं कित्येकदा एकाच आठवड्यात उरकतं, त्यामुळे नागरिकाला शिरायला जागा राहत नाही. विधेयक दोन्ही सभागृहांच्या संयुक्त समितीकडे गेलं तर मात्र दार उघडतं. डिसेंबर २०२४मध्ये मांडलेलं महाराष्ट्र विशेष जनसुरक्षा विधेयक असं समितीकडे गेलं. समितीने जाहीर सूचना काढून हरकती मागवल्या आणि १२ हजारांहून अधिक आल्या. विधेयक जुलै २०२५मध्ये मंजूर झालं, पण समितीतून बाहेर पडताना त्याच्या मसुद्यात बदल झाले होते. ते बदल पुरेसे होते की वरवरचे यावर वाद आहे आणि तो असायलाच हवा. हरकत पाठवताना कलमाचा क्रमांक, आक्षेप आणि त्या जागी सुचवलेले शब्द या क्रमाने लिहिली तर समितीच्या टिपणीत ती उचलली जाण्याची शक्यता जास्त. 'हा काळा कायदा रद्द करा' एवढंच लिहिलेली हजार पत्रं एका ओळीत गुंडाळली जातात.

आश्वासन समिती

आता लक्षवेधीत मंत्र्याने म्हटलं, 'काम सहा महिन्यांत पूर्ण करू.' बहुतेक लोक इथे थांबतात, आमदार हार घालून घेतो, आणि सहा महिन्यांनी इमारत तिथेच असते.

मंत्र्याने सभागृहात दिलेला शब्द आश्वासन म्हणून नोंदला जातो. कुठलं वाक्य आश्वासन धरायचं ते मंत्री एकटा ठरवत नाही. ते कार्यवाहीतून वेचून काढलं जातं आणि विभागाकडे पूर्ततेसाठी जातं. विधानसभेची आश्वासन समिती वेगळी, परिषदेची वेगळी. समिती विभागाच्या सचिवाला साक्षीला बोलावू शकते. साक्ष म्हणजे समितीसमोर बसून उत्तरं देणं. तिथे टीव्ही नसतो आणि पक्षाची घोषणाबाजीही फारशी नसते, म्हणून तिथले प्रश्न जास्त टोकदार असतात. विभाग पुष्कळदा आश्वासन वगळावं अशी विनंती करतात. तुम्ही गप्प राहिलात तर ती मान्य व्हायला हरकत नसते.

म्हणून तुमचं काम असं: अधिवेशन संपल्यावर ज्या सदस्याने विषय मांडला त्याच्यामार्फत विचारा की हे आश्वासन म्हणून नोंदलं गेलं का, आणि विभागाने पूर्ततेचा अहवाल दिला का. दिला असेल तर त्याची प्रत मिळवा. अहवालात 'काम पूर्ण' लिहिलं असेल आणि प्रत्यक्षात छत नसेल, तर तो फोटो समितीच्या अध्यक्षांना पाठवायचा.

याला जोडूनच विनंती अर्ज समिती आहे, जिचा वापर फारच कमी होतो. एखाद्या सार्वजनिक गाऱ्हाण्यावर नागरिक स्वतः अर्ज लिहितो आणि सदस्यामार्फत तो सभागृहात सादर होतो. भाषा सभ्य हवी आणि प्रकरण न्यायप्रविष्ट नको. समिती मग विभागाचं म्हणणं मागवते.

समिती दौऱ्यावर येते तेव्हा

जिल्हा परिषदेत ज्या दोन शब्दांना सर्वात जास्त घाबरतात ते म्हणजे 'पीआरसी येणार'. पीआरसी म्हणजे पंचायत राज समिती. ती स्थानिक निधी लेखापरीक्षणाचे आक्षेप घेऊन येते, मुख्य कार्यकारी अधिकाऱ्याची साक्ष घेते, शाळा, अंगणवाड्या, आरोग्य केंद्रांना अचानक भेटी देते आणि पोषण आहार चाखून बघते. दौऱ्याच्या आठवडाभर आधी शाळांना रंग लागतात आणि हजेरीपट जुळतात. उपकेंद्र जिल्हा परिषदेचं, त्यामुळे हीच तुमची समिती.

लोकलेखा समिती महालेखापालांच्या अहवालावर काम करते, आणि प्रथेप्रमाणे तिचं अध्यक्षपद विरोधी पक्षाकडे असतं. अंदाज समिती, सार्वजनिक उपक्रम समिती, अनुसूचित जाती आणि अनुसूचित जमाती कल्याण समित्या, महिला व बालकांचे हक्क व कल्याण समिती अशी मोठी यादी आहे. रोजगार हमी योजनेवरही स्वतंत्र समिती आहे, आणि ते साहजिकच म्हणायचं. ज्या वि. स. पागे यांच्या कल्पनेतून ही योजना उभी राहिली, ते १९६० ते १९७८ अशी अठरा वर्षं परिषदेचे सभापती होते.

दौऱ्यांना काळी बाजूही आहे. मे २०२५मध्ये अंदाज समितीच्या धुळे दौऱ्यात शासकीय विश्रामगृहाच्या एका खोलीत १ कोटी ८४ लाखांची रोकड सापडली आणि राज्यभर गाजली. दौरे म्हणजे पाहुणचार, अशी खालच्या कर्मचाऱ्यांची तक्रार जुनीच आहे. पण म्हणून समितीला पाठ दाखवू नये. दौऱ्याचा कार्यक्रम जिल्हा प्रशासनाकडे आधी येतो, तो मिळवा. समितीच्या बैठकी बंद दाराआड असतात, आत शिरू देणार नाहीत. पण विश्रामगृहावर किंवा भेटीच्या ठिकाणी निवेदन घेतात. निवेदन एकाच पानाचं ठेवा, त्याला छापील प्रश्नोत्तर, आश्वासनाची तारीख आणि फोटो जोडा. अध्यक्षांसोबत समितीच्या सचिवालयातल्या अधिकाऱ्यालाही एक प्रत द्या आणि पोच घ्या. सदस्य बदलतात, फाईल त्याच्याकडे राहते.

समितीचा अहवाल सभागृहात सादर होईपर्यंत गोपनीय असतो, त्यानंतर सार्वजनिक. अहवालात तुमच्या गावाचा उल्लेख आला तर पुढच्या अधिवेशनात त्याच परिच्छेदाचा हवाला देऊन नवा तारांकित प्रश्न लावता येतो, आणि या वेळी 'अंशत: खरे आहे' म्हणणं विभागाला जड जातं. मध्येच विधानसभा विसर्जित झाली तर समित्याही जातात आणि नव्या बसायला वेळ लागतो. तो काळ माहिती अधिकाराचे अर्ज करून कागद ताजे करण्यात घालवावा, म्हणजे नव्या आमदाराच्या सहायकाकडे पहिल्याच आठवड्यात जाता येईल.